स्लोव्हेनियातल्या घळी आणि किल्ले: आधी पाण्याचं वेळापत्रक, मग तुमचं

युरोपची सहल आखताना आपल्याकडे साधारणपणे आधी किल्ले आणि राजवाड्यांची यादी होते आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात एखादी घळ कोंबली जाते. माझं म्हणणं आहे की हे उलटं करावं. किल्ला कुठे पळून जात नाही. दार बंद झालं तरी तो बाहेरून दिसतो, पावसात दिसतो, धुक्यात तर जास्तच चांगला दिसतो. घळ मात्र पाण्याच्या मर्जीवर चालते. वर डोंगरात बर्फ वितळलं, रात्रभर पाऊस कोसळला किंवा कड्यावरून दगड सुटले की फाटकाला कुलूप लागतं, आणि तुम्ही मुंबईहून आलात की मेलबर्नहून, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. म्हणून आधी घळींचे दिवस पक्के करायचे आणि किल्ले त्यांच्या मधल्या फटींत बसवायचे.

या पद्धतीने फिरायला स्लोव्हेनियासारखा देश नाही. क्षेत्रफळ जेमतेम २० हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास. वायव्येला आल्प्स, नैर्ऋत्येला एड्रियाटिक समुद्राची चिंचोळी किनारपट्टी आणि मधे चुनखडकच चुनखडक. हा खडक पाण्यात हळूहळू विरघळतो. त्यातून वर घळी झाल्या, खाली गुहा झाल्या, आणि जे कडे उभे राहिले त्यांच्यावर लोकांनी किल्ले बांधले. एक किल्ला तर चक्क गुहेच्या तोंडात बांधला. त्याच्याकडे पुढे येऊच.

पहिलं काम: महिना ठरवणं

व्हिन्टगार आणि टोल्मिन या दोन मोठ्या घळी हिवाळ्यात बंद असतात. साधारण एप्रिलमध्ये उघडतात, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिटतात. नेमकी तारीख दरवर्षी कड्यांची साफसफाई आणि पाहणी झाल्यावर ठरते, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याची तिकिटं काढून बसू नका.

मे महिन्यात पाणी सगळ्यात जोरात असतं, कारण वरचं बर्फ वितळत असतं. दृश्य जबरदस्त, पण फाटक बंद मिळण्याची शक्यताही जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये हवा चांगली, पण सगळा युरोप सुट्टीवर असतो. व्हिन्टगारजवळच्या ब्लेड या तळ्याकाठच्या गावाला रस्त्यात गाड्यांची रांग आणि घळीत माणसांची. ऑक्टोबरपासून इथल्या डोंगरांवर जोरदार पाऊस पडतो; ज्युलियन आल्प्स हा युरोपातल्या सर्वांत ओल्या भागांपैकी एक आहे. माझी पसंती जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर. आपल्या शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे गाठावाच लागत असेल तर शेवटचा आठवडा धरा आणि हातात एक दिवस मोकळा ठेवा.

मोकळ्या दिवसाबद्दल मी आग्रही आहे. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला, म्हणजे ऐन हंगामात, स्लोव्हेनियात असा पूर आला की स्वतंत्र झाल्यापासूनची देशातली सर्वांत मोठी नैसर्गिक आपत्ती म्हणून त्याची नोंद झाली. इतकं दरवेळी होत नाही. पण डोंगरावरच्या एका गडगडाटी पावसाने घळ दिवसभर बंद ठेवणं नेहमीचं आहे.

व्हिसा आणि तिथवर पोचणं

स्लोव्हेनिया २००७ पासून युरो वापरतो आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शेंगेनमध्येही, म्हणजे आपसात सीमा मोकळ्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही, आला. म्हणजे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून त्याची फी मोठ्यांना ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. त्याहून लहानांना फी नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करायचाच. प्रत्यक्षात उन्हाळ्यासाठी अर्ज द्यायच्या तारखा भराभर संपतात, तेव्हा दोन-तीन महिने आधीच लागा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा.

इथे एक गोष्ट नीट मोजा. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. व्हेनिसला दोन रात्री आणि स्लोव्हेनियात सात असतील तर अर्ज स्लोव्हेनियाचा, मग विमान इटलीत उतरत असलं तरी. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवाल तो.

मुंबई-पुण्याहून राजधानी ल्युब्लियानाला थेट विमान नाही. म्युनिक, व्हिएन्ना, व्हेनिस किंवा झाग्रेबला उतरून पुढे बस किंवा रेल्वे, हे बहुतेकांना परवडतं. व्हेनिसहून बसने साधारण चार तास. व्हिएन्नाहून रेल्वेला सहा तास लागतात, पण सेमरिंगच्या घाटातून जाणारा तो प्रवास फुकट गेला असं वाटत नाही. झाग्रेब सगळ्यात जवळ, बसने अडीच तासांच्या आत-बाहेर. क्रोएशियाही २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे; तरीही त्या सीमेवर स्लोव्हेनियाने तपासणी पुन्हा सुरू केली होती, म्हणून पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत न टाकता अंगावर ठेवा. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. ज्या विमानतळावर पहिल्यांदा शिक्का बसायचा तिथे पुढच्या विमानासाठी तासाभराचं अंतर ठेवणं म्हणजे जुगार.

मुक्काम कुठे, किती

सात रात्री मिळाल्या तर मी अशा वाटेन: ब्लेडला तीन, सोचा नदीच्या खोऱ्यातल्या टोल्मिन किंवा कोबारिदला दोन, ल्युब्लियानाला दोन. मोकळा दिवस ब्लेडच्या तिनांतला; तिथे पाऊस लागला तरी काही ना काही करता येतं. पाचच रात्री असतील तर सोचा नदीचं खोरं सोडून द्या आणि ब्लेड-ल्युब्लियाना करा. सगळा मुक्काम ल्युब्लियानालाच ठेवून रोज ये-जा करणंही जमतं, पण मग घळीचं सकाळचं पहिलं तिकीट हातातून जातं आणि तेच तर महत्त्वाचं आहे.

गाडी घ्यावी का? चौघं असाल तर घ्या. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, तो आपल्या आरटीओतून निघतो. महामार्गांवर टोलनाके नाहीत, त्याऐवजी गाडीच्या नंबरवर ऑनलाइन व्हिन्येट, म्हणजे ठरावीक दिवसांचा टोल-पास, काढायचं. सात दिवसांचं १६ युरोंच्या आसपास. स्लोव्हेनियात भाड्याने घेतलेल्या गाडीला ते बहुधा असतंच, इटलीहून आणलेल्या गाडीला नसतं. न काढता सापडलात तर दंड शेकड्यांत जातो.

व्हिन्टगार: सकाळचं पहिलं तिकीट

ब्लेडपासून चारेक किलोमीटरवर होम आणि बोर्श्ट या दोन टेकड्यांमधून राडोव्हना नदीने ही घळ कापली आहे. लांबी १.६ किलोमीटर. बाजूचे कडे काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत चढतात. १८९१ साली जवळच्या गोर्ये गावचे प्रमुख याकोब झुमर आणि छायाचित्रकार बेनेडिक्ट लेर्गेटपोरर पाणी खूप कमी असताना आत शिरले, आणि दोनच वर्षांत, १८९३ मध्ये, लाकडी पायवाटा बांधून ती लोकांसाठी उघडली गेली. त्याआधी ही घळ ओलांडता येत नाही असंच मानत.

तिकीट ऑनलाइन, ठरावीक वेळेचं. उन्हाळ्यात काही दिवस आधी काढा, पण फार आधीही नको. हवामानाचा अंदाज तीन-चार दिवस आधी विश्वासाजोगा होतो, तेव्हा काढलेलं बरं. किंमत हंगामाप्रमाणे दहा ते पंधरा युरोंच्या घरात. सकाळची पहिली वेळ घ्या. नऊनंतर लोकांची रीघ लागते, आणि जेमतेम दोन माणसांच्या रुंदीच्या फळ्यांवर कुणी फोटोसाठी थांबलं की मागची सगळी ओळ थांबते. सकाळी ऊन तळापर्यंत उतरत नाही हे खरं. ज्यांना पाण्याचा तो हिरवा काच-रंग उन्हात टिपायचा आहे त्यांनी दुपार घ्यावी आणि गर्दी सोसावी. दोन्ही मिळत नाही.

फाटकावर हेल्मेट देतात. ते घालायचंच, कड्यावरून खडे सुटतात. बाबागाडी आत चालत नाही. वाट कधी डाव्या, कधी उजव्या काठाने जाते, मधे पूल लागतात. कड्यात ठोकलेल्या तुळयांवर फळ्या बसवलेल्या, खाली पाणी एखाद्या डोहात इतकं निवांत की ट्राउट मासे मोजता यावेत, आणि दहा पावलांवर तेच पाणी दगडांच्या खाचेतून धडधडत जातं. प्रवाहाने गरगर फिरवलेल्या गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे काठाला दिसतात. पुढे डोक्यावर दगडी कमानीचा रेल्वे पूल येतो. हा १९०६ मध्ये सुरू झालेल्या बोहिन्य रेल्वेमार्गाचा. त्या मार्गाचं काम आपल्याला पुढे आहे. शेवटी शुम नावाचा धबधबा, तेरा मीटरचा. आकड्याने लहान वाटतो, पण नदीच उडी मारते त्यामुळे आवाज मोठा.

आता वेळेचं गणित, कारण इथेच लोक फसतात. घळ एकदिशा आहे. आत पाऊण ते एक तास लागतो, पण आल्या वाटेने परत येता येत नाही. परतीची वाट वरून, रानातून, चढाची. तिला आणखी तास-दीड तास. पाटीवर दोन पर्याय असतात. सेंट कॅथरीनच्या चर्चकडे चढणारी वाट दमवते, पण चर्चपाशी पोचलात की ब्लेडचं सगळं खोरं समोर येतं, आणि तिथून झासिप गावातून उतरत थेट ब्लेडला चालत जाता येतं. गुडघे दुखत असतील तर नदीच्या दुसऱ्या बाजूची वाट विचारून घ्या. "आईबाबांना घळीतून फिरवून आणतो, सगळं सपाटच आहे" असं सांगणाऱ्याने बहुधा परतीचा चढ सांगितलेला नसतो. दुरुस्तीच्या कामांमुळे या वाटा बदलतातही, तेव्हा तिकीट काढताना त्या हंगामाचा नकाशा बघा.

ब्लेडचा किल्ला: दुपारसाठी

घळीतून दमून आलात, जेवलात, की किल्ल्याकडे. तळ्याच्या काठावर १३० मीटरच्या सरळसोट कड्यावर तो बसला आहे. जर्मन राजा दुसरा हेन्री याने १००४ साली इथली जहागीर ब्रिक्सनचे बिशप आल्बुइन यांना दिली, आणि १०११ च्या कागदात किल्ल्याचा पहिला उल्लेख येतो. पुढची साधारण आठशे वर्षं तो ब्रिक्सनच्या बिशपांकडेच होता. वरच्या चौकातल्या छोट्या प्रार्थनाघरात वेदीच्या बाजूला हेन्री आणि त्याची राणी कुनिगुंडे यांची चित्रं आहेत. दान देणारे भिंतीवर आणि दान खाली खिडकीत, असा मजेदार प्रकार.

स्पष्टच सांगायचं तर आतलं संग्रहालय ठीकठाक आहे. आजचं बरंचसं रूप १९५० च्या दशकातल्या दुरुस्तीचं. पंधरा-वीस युरोंचं तिकीट मुख्यतः सज्जावरून दिसणाऱ्या तळ्यासाठी. ते वाचवायचे असतील तर तळ्याच्या पश्चिम टोकाच्या माला ओसोयनित्सा टेकडीवर चढा. किल्ला, बेट आणि मागचे डोंगर एका चौकटीत फुकट येतात. वाट मात्र उभी आहे, वरच्या टप्प्यात लोखंडी जिना आहे, आणि ओल्या मुळांवरून घसरायला होतं.

तळ्याला पायी वळसा सहा किलोमीटरचा. बेटावर जायला प्लेत्ना नावाच्या छत असलेल्या होड्या आहेत, नावाडी उभ्याने वल्ही मारतो. बेटावर ९९ पायऱ्या. आणि क्रेम्श्निता खा: वर-खाली कुरकुरीत पापुद्रा, मधे कस्टर्ड आणि साय. १९५३ पासून ब्लेडची ही खूण झाली आहे. अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांसाठी.

डोंगर ओलांडून सोचाच्या खोऱ्यात

दोन रस्ते आहेत, दोन्ही पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे झालेले.

रेल्वेने जाणाऱ्यांनी ब्लेड येझेरो स्थानकावरून बोहिन्य मार्गाची गाडी धरावी. व्हिन्टगारमध्ये डोक्यावर पाहिलेला पूल याच मार्गाचा. ऑस्ट्रियन साम्राज्याला त्रिएस्तचं बंदर गाठायचं होतं म्हणून डोंगर फोडून हा मार्ग काढला. त्यातला बोहिन्य बोगदा सहा किलोमीटरहून लांब आहे. बोगद्यातून बाहेर पडलं की आल्प्सची गार बाजू संपून उबदार खोरं लागतं. उन्हाळ्यात डब्यातही फरक जाणवतो. मोस्त ना सोची स्थानकावर उतरून टोल्मिनपर्यंत बस. गाड्या थोड्या असतात आणि रुळांची कामं चालू असली तर बदली बस देतात, म्हणून आदल्या दिवशी वेळापत्रक बघाच.

गाडीवाल्यांना व्रशिच खिंड आहे, १६११ मीटर उंचीवर. क्रान्स्का गोराहून चढून सोचात उतरेपर्यंत ५० नागमोडी वळणं, आणि प्रत्येक वळणाला क्रमांक लिहिलेला. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमस्खलनात त्यातले कितीतरी कैदी गाडले गेले. त्यांच्या आठवणीत बाकीच्या कैद्यांनी उभारलेलं छोटं लाकडी चर्च रस्त्यालगतच आहे. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिवाळ्यात खिंड बंद असते. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी, वळण क्रमांक दहानंतर उपयोग नाही.

उतरल्यावर लेपेनाच्या फाट्याजवळ वेलिका कोरिता, म्हणजे सोचाची मोठी घळ. सुमारे ७५० मीटर लांब, काही ठिकाणी दोनेक मीटर इतकीच अरुंद. तिकीट नाही, फाटक नाही, कठडेही सगळीकडे नाहीत. पाण्याचा रंग फोटोत खोटा वाटावा असा निळसर हिरवा आहे. मुलांचा हात धरा. ऑगस्टमध्येही पाणी इतकं थंड असतं की अंगातला श्वास अडकतो, त्यामुळे वरून उड्या मारणारी स्थानिक पोरं बघून मोह होऊ देऊ नका.

टोल्मिनची घळ आणि वरचा पडका किल्ला

त्रिग्लाव हे स्लोव्हेनियातलं एकमेव राष्ट्रीय उद्यान आणि टोल्मिनची घळ हे त्याचं दक्षिणेचं दार, समुद्रसपाटीपासून १८० मीटर, उद्यानातली सर्वांत खालची जागा. इथे तोल्मिन्का आणि झादलाश्चित्सा या दोन नद्या घळीतच एकमेकींना मिळतात. व्हिन्टगारपेक्षा ही मला जास्त आवडते: माणसं कमी, चढउतार जास्त, आणि दर वळणावर काहीतरी वेगळं. झादलाश्चित्साच्या बाजूला दोन कड्यांच्या मधे वरून पडलेला एक दगड पाचरीसारखा अडकून राहिला आहे, त्याला अस्वलाचं डोकं म्हणतात. वर सैतानाचा पूल, तोल्मिन्काच्या पात्रापासून ६० मीटर उंच. पुलाच्या बरोबर मधे उभं राहून खाली पाहिलं तर नदीची नुसती रेघ दिसते, आवाज मात्र कानाशी येतो. घळीत कोमट पाण्याचा एक झराही आहे, साधारण वीस अंशांचा. गरम पाण्याच्या कुंडाची कल्पना करून जाऊ नका.

सगळा फेरा दीड-दोन तासांचा. पायऱ्या दगडी आणि बऱ्याचदा ओल्या. इथेही ऑनलाइन तिकीट काढलेलं चांगलं, पण व्हिन्टगारइतकी मारामारी नसते.

दुपारी ताकद उरली असेल तर गावालगतच्या शंकूसारख्या टेकडीवर कोझ्लोव्ह रोबचे अवशेष आहेत. रानातून तासाभराची चढण. बाराव्या शतकातला किल्ला, आता तटाचे आणि बुरुजांचे सावरलेले भाग तेवढे उरलेत. तिकीट नाही, दुकान नाही, कॉफी नाही. वरून मात्र तीन नद्यांची खोरी दिसतात आणि किल्ला इथेच का बांधला हे न सांगता कळतं. सह्याद्रीतले गड चढणाऱ्याला हा किल्ला ब्लेडपेक्षा जवळचा वाटेल.

कोबारिदला राहिलात तर तिथलं पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय चुकवू नका. ऑक्टोबर १९१७ मध्ये इथेच इटलीची आघाडी कोसळली.

क्रास: नदी जमिनीखाली जाते

ल्युब्लियानाला परतलात की दोन दिवस दक्षिणेसाठी. क्रास म्हणजे तिथला चुनखडकाचा प्रदेश. इथे घळ शोधायला जमिनीखाली उतरावं लागतं.

श्कोत्सियानच्या गुहा १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. ल्युब्लियानाहून दिवाचापर्यंत रेल्वेने दीडेक तास, पुढे तीन किलोमीटर रानवाटेने चालत; गाड्यांच्या वेळेला जोडून बसही असते. प्रवेश फक्त मार्गदर्शकाबरोबर, ठरलेल्या वेळीच. आत बाराही महिने १२ अंश, म्हणून जूनमध्येही स्वेटर लागतो. पहिला भाग कोरडा आणि शांत, लवणस्तंभांचा. मग पायाखालून घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि एका वळणावर सगळा डोंगर आतून पोकळ असल्यासारखा उघडतो. खाली रेका नदी. तिच्या वर ४५ मीटरवर त्सेर्क्वेनिक पूल, त्यावरून आपण चालत जायचं. समोरच्या भिंतीवर दिव्यांची रांग दूरवर जाताना दिसते तेव्हा या दरीचा आकार लक्षात येतो. त्याच भिंतीत अगदी कडेला खोदलेल्या बारीक पायऱ्या दिसतात, पाऊल आडवं ठेवावं लागेल इतक्या. एकोणिसाव्या शतकातल्या शोधकांनी कंदील घेऊन त्या खोदल्या.

१९६५ च्या पुरात आतलं पाणी शंभर मीटरहून जास्त चढलं होतं. बाहेर पडायची वाट अरुंद असल्यामुळे पुराचं पाणी आतच साचून वर चढत जातं. रेका इथे गडप होते आणि तीसहून जास्त किलोमीटर जमिनीखालून जाऊन इटलीत तिमावो नावाने वर येते. फोटो काढायला मनाई आहे, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे लोक जरा बघतात तरी. एकूण तीन किलोमीटर, पाचशेच्या आसपास पायऱ्या.

पायऱ्या जमणार नसतील तर पोस्टोयना. २४ किलोमीटरची गुहा, आत छोटी रेल्वे. रूळ १८७२ पासूनचे, विजेचे दिवे १८८४ मध्ये आले. गाडीत बसून आत जायचं, दीडेक किलोमीटर चालायचं, गाडीने परत. गर्दी प्रचंड, सगळं शिस्तीत आणि थोडं जत्रेसारखं. पण सत्तरीचे आजी-आजोबा आणि पाच वर्षांची नात एकत्र जाऊ शकतात. अंधारातच जन्म काढणारा, फिकट गुलाबी, आंधळा ओल्म नावाचा प्राणी इथे टाकीत दाखवतात. तो शंभर वर्षांपर्यंत जगतो असं मानलं जातं. दोन्ही गुहा एका दिवसात करणारे असतात. मी करणार नाही.

प्रेद्यामा: गुहेच्या तोंडातला किल्ला

पोस्टोयनापासून नऊ किलोमीटर. गुहा आणि किल्ल्याचं एकत्र तिकीट चाळीस-पन्नास युरोंचं पडतं, सुटं घेण्यापेक्षा स्वस्त. उन्हाळ्याच्या मुख्य दोन महिन्यांत गुहेपासून शटल बस असते. एरवी टॅक्सी सांगा आणि परतीची वेळ त्याच चालकाशी ठरवून ठेवा, कारण किल्ल्यापाशी दुसरी टॅक्सी उभी नसते.

१२३ मीटरचा उभा कडा, त्याच्या मध्यावर गुहेचं तोंड, आणि ते तोंड बुजवत पांढऱ्या भिंतींचा किल्ला. आजचं रूप १५७० च्या सुमाराचं, पण मागे गुहेत त्याआधीचा जुना भाग आहे. आत ऑडिओ गाइड मिळतो, तो घ्या. नुसत्या खोल्या बघून काही कळत नाही. बघायचं ते हे: बऱ्याच खोल्यांना मागची भिंतच नाही, तिथे कच्चा खडक आहे. स्वयंपाकघराचा धूर गुहेत सोडलेला. वरून ठिबकणारं पाणी खडकात चर कोरून टाकीकडे वळवलेलं. दाराच्या वर खाली उघडणारं भोक, शत्रूवर उकळतं काहीतरी ओतायला. सगळा किल्ला ओलसर आणि गार. शेकोटीची खोली सोडली तर सरदारही कुडकुडतच राहत असणार.

गोष्ट एराझेमची. पंधराव्या शतकातला हा बंडखोर सरदार. सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकच्या नातलगाला मारून इथे येऊन बसला, आणि त्रिएस्तच्या सुभेदाराने वेढा घातला. वेढा वर्ष आणि एक दिवस चालला असं सांगतात. किल्ला उपाशी पडायला हवा होता, पण एराझेम वरून सैनिकांवर ताज्या चेरी फेकायचा. कारण किल्ल्यामागच्या गुहेतून वर पठारावर निघणारी वाट त्याला ठाऊक होती. शेवटी नोकर फितूर झाला. गड्याने निशाणी दाखवली आणि तोफेचा गोळा नेमका शौचकूपावर पडला, एराझेम आत असताना. तो मारला गेला ते १४८४ साल. बाकीच्या तपशिलात दंतकथा किती हे तुम्हीच ठरवा.

किल्ल्याच्या पायथ्याला लोकवा नावाचा ओढा गुहेत शिरून नाहीसा होतो. ती खालची गुहा साधारण मे ते सप्टेंबर मार्गदर्शकाबरोबर बघता येते. हिवाळ्यात तिथे वटवाघळं झोपलेली असतात म्हणून बंद. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते.

पाऊस लागला तर

पावसाळ्यात सांदण दरीत उतरू नये हे आपल्याकडचा कुठलाही ट्रेकर सांगेल. नियम तोच आहे, फक्त इथे पाऊस जूनची वाट बघत नाही. स्लोव्हेनियाच्या आर्सो या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर हवामानाचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे रोज असतात. आदल्या संध्याकाळी ते बघा. नारिंगी असेल तर घळ आणि क्रास यांचे दिवस अदलाबदल करा: श्कोत्सियानच्या कोरड्या भागाला आणि प्रेद्यामाला साध्या पावसाने फरक पडत नाही. घळीचं तिकीट बंदमुळे वाया गेलं तर बदलून मिळतं की पैसे परत, हे काढतानाच अटींत वाचून ठेवा. स्वतःच्या मनाने न जाणाऱ्याला सहसा काही मिळत नाही.

छत्री घळीत निरुपयोगी, वाट अरुंद आहे आणि समोरच्याच्या डोळ्यात काडी जाते. रेनकोट किंवा पोंचो. चपला-सँडल नकोत, ओली फळी आणि गुळगुळीत झालेला चुनखडक, दोन्हींवर खाचा असलेला तळवाच टिकतो. आणीबाणीचा नंबर ११२.

खाणं आणि सुटे मुद्दे

शाकाहारींचे हाल होत नाहीत, पण विचारावं लागतं. "ब्रेज मेसा" म्हणजे बिनमांसाचं. बेकरीत चीज भरलेला बुरेक मिळतो, तो तव्यावरच्या जड पराठ्याइतकं पोट भरतो. श्त्रुक्ली हे उकडलेले किंवा भाजलेले रोल, पनीरसारखं सारण भरलेले. गोडही असतात आणि तिखटमिठाचेही. कुट्टूच्या पिठाचा झ्गान्त्सी हा उकडीसारखा पदार्थ बघून आपल्याला बरं वाटतं, पण त्यावर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. "नको" म्हणून आधीच सांगा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या.

रविवारी दुकानं कायद्याने बंद असतात, पेट्रोल पंप आणि स्थानकांवरची काही छोटी दुकानं सोडून. सोमवारी पहाटे घळीला निघायचं असेल तर शनिवारीच पाव, फळं आणि दही आणून ठेवा. हॉटेलच्या भाड्यावर माणशी पर्यटन कर वेगळा लागतो, तो बहुधा निघताना काउंटरवर मागतात.